चहाला उकळी येईपर्यंत लिहायचं

वन्सं,

तुम्हाला जाऊन अजून महिना व्हायचाय आणि भेटायला येणारी माणसं थांबलेली नाहीत. तुमच्या बारामतीच्या दोन खोल्यांत कुणाकुणाला बसवणार, म्हणून सगळे इकडं आमच्या वस्तीवर येतात. ओसरीवर बसतात, पाणी पितात, तुमच्याबद्दल बोलतात. बाईंनी कुठल्या कुठल्या गावात नोकरी केली, किती पोरं हाताखालून गेली. सगळं खरंच असतं. पण त्यात तुम्ही सापडत नाही. परवा एक बाई म्हणाल्या, "पोरबाळ नव्हतं ना बिचारीला." मी उठून आत गेले. आज घरात कुणी नाही. दोन्ही पोरं, ओम आणि प्रांजल, शाळेत, हे डाळिंबाच्या बागेत. म्हटलं, आपणच तुमच्याशी बोलावं.

लग्न करून या घरात आले तेव्हा मला तुमची भीती वाटायची. नवऱ्याची थोरली बहीण, त्यात शाळेतली बाई. तुम्ही आलात की मी जास्तच कामं काढायचे, म्हणजे समोर बसावं लागणार नाही. तुम्हीही मला फारसं विचारायचा नाही. चहा चांगला झाला तर कप पूर्ण रिकामा करायचा, नाही तर तळाला थोडा ठेवायचा, एवढ्यावरून मी काय ते ओळखायचं. अशी कितीतरी वर्षं आपण एकमेकींना दुरूनच बघितलं. जवळ आलो ते प्रांजलमुळं. आणि तेही सुखासुखी नाही.

तुमची भाची तेव्हा चौथीत होती. दप्तर भरायला बसायची आणि अर्ध्यात तिला खडू सापडायचा. खडू घेऊन अंगणात चित्र काढायला जायची, तिथं मुंग्यांची रांग दिसायची, रांगेच्या मागं मागं थेट गोठ्यात. दप्तर तसंच उघडं. भाकरी अर्धी खाऊन उठायची, वेणी अर्धी घालून पळायची. गुरुजींनी दोनदा बोलावून सांगितलं, पोरगी हुशार आहे पण जागेवर नसते. मी ओरडायचे. ती घाबरून "आता नाही, आई" म्हणायची, आणि ते म्हणतानाच तिचे डोळे दुसरीकडं गेलेले असायचे.

मग तो शेततळ्याचा दिवस आला. मी डाळिंबात होते. ओम तीन वर्षांचाही नव्हता. त्याला प्रांजलजवळ बसवून, लक्ष ठेव म्हणून सांगून गेले होते. ती बसलीही होती. तेवढ्यात समोरच्या तारेवर एक खंड्या येऊन बसला. निळा पक्षी तिनं कधी इतक्या जवळून पाहिला नव्हता. तो उडाला तशी ती त्याच्यामागं उठली. ओम सापडला तो तळ्याच्या काठावर. कुंपणाच्या जाळीचं दार उघडं होतं आणि तो तळ्यात अंथरलेल्या काळ्या प्लास्टिकच्या उतारावर पाय सोडून, पाण्याकडं बघत बसला होता. ह्यांनी आवाज न करता मागून जाऊन त्याला उचललं.

तुमच्या भावानं त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत ओमला कडेवरून खाली ठेवलं नाही. त्यांनी पोरीला हात लावला नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "जूनमधी हिला हॉस्टेलच्या शाळंत घालायची. तितं शिस्त लागंल." प्रांजलनं ते ऐकलं. रडली नाही. कोपऱ्यात जाऊन दप्तर भरायला लागली, जणू उद्याच निघायचं आहे. आणि त्या दिवशी तेवढं मात्र तिनं पूर्ण भरलं.

मी तुम्हाला फोन केला. का केला ते मलाही नीट सांगता यायचं नाही. कदाचित ह्यांना कुणी थांबवू शकेल तर तुम्हीच, असं वाटलं असेल. दुसऱ्या दिवशी तुम्ही एस्टीनं आलात. मला वाटलं, भावाशी भांडाल. तुम्ही भांडला नाहीत.

"घाल हॉस्टेलला. मी आडवी येत न्हाय," तुम्ही म्हणालात. "पण सुट्टीभर माझ्याकडं राहू दे. मग काय ते ठरव."

"आक्का, तू काय करणार हायस?"

"तिच्याकडनं गोष्टी लिहून घेणार."

हे तुमच्याकडं बघतच राहिले. "गोष्टी लिहून पोरगी एका जागी बसती व्हय?"

"बसंल का न्हाय ते मलाबी ठावं न्हाय. बघू या की."

तुमचं हे मला नंतर फार आठवलं. तुम्ही कधी छातीठोकपणे काही सांगितलं नाही. बारामतीला गेल्यावर तुम्ही तिला आधी लहान मुलांच्या डॉक्टरांकडं नेलंत. गोष्ट म्हणजे औषध नव्हे, ते काय म्हणतात तेही ऐकायला हवं, असं मला फोनवर सांगितलंत. हे चिडले, आपल्या पोरीला काय झालंय म्हणून. तुम्ही म्हणालात, "काय झालं न्हाय. हे कळावं म्हणूनच विचारून आले."

त्या उन्हाळ्यात डाळिंबाचा माल घेऊन टेम्पो मार्केट यार्डात निघाला की मी पुढं बसून यायचे. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी उतरायचे. सकाळी गॅलरीत ऊन यायच्या आत तुमचा वर्ग चालायचा. गल्लीतली सात-आठ पोरं आणि त्यांच्यात आमची. पहिल्या वेळी मी दारातच थांबले. वर्ग म्हणजे पोरं वह्या घेऊन बसली असतील असं मला वाटलं होतं. कुणी लिहितच नव्हतं. तुम्ही फरशीवर खडूनं ठिकरीच्या खेळात असतात तशी घरं आखली होती आणि प्रांजल एका घरातून दुसऱ्या घरात उडी मारत बोलत होती. पहिल्या घरात उभं राहून सांगायचं, गोष्टीत कोण आहे. दुसऱ्या घरात, त्याला काय हवंय. मग आडवं काय आलं, मग त्यानं काय केलं. शेवटच्या घरात, शेवटी काय झालं. ज्याला शेवटच्या घरात बोलता येईना त्यानं परत पहिल्या घरात यायचं. लिहायला बसायचं नाही.

"एस्टीत बसताना कंडक्टर काय विचारतो?" तुम्ही पोरांना म्हणायचा. "कुठं उतरायचं ते. मग मधी खिडकीतनं काय बघायचं ते बघा."

प्रांजल पहिले कितीतरी दिवस दुसऱ्या घराच्या पुढं जात नव्हती. रोज नवीन गोष्ट सुरू करायची. राजा, मग भूत, मग बोलणारा ट्रॅक्टर. तुम्ही एकही मोडीत काढली नाही. सगळ्या कागदावर लिहून भिंतीला चिकटवल्या आणि म्हणालात, "ह्या कुठं जात न्हाईत. यातली आज एकच उचल." तिनं शेळी उचलली. मोरगावची एक शेळी, जिला दौंडला जाणारी रेल्वे बघायची आहे. वाटेत कंडक्टर तिला एस्टीतून उतरवतो. पुढं काय होतं ते ठरवायला तिला आठवडा लागला असेल.

मग लिहिणं. तुम्ही गॅसवर चहा ठेवायचा, बारीक आचेवर, आणि सांगायचा, उकळी येईपर्यंत लिहायचं. उकळी आली की सुट्टी. पहिल्यांदा तुम्ही एक कपाचं आधण ठेवत होता. तेवढ्यातही प्रांजलची मान चार वेळा वळायची. तुम्ही तिला "लिही" म्हणाला नाहीत. जवळ जाऊन हळूच विचारायचा, "तुझी शेळी कुठवर आली?" आणि ती परत कागदात जायची, कारण शेळी खरंच कुठंतरी रस्त्यात उभी असायची. मी स्वयंपाकघरात बसून हे बघत होते. पुढच्या वेळी आले तेव्हा आधण दोन कपांचं होतं. त्यानंतर मोठं पातेलं आलं. तुम्ही पाणी वाढवत होता आणि पोरांना कळत नव्हतं. मला कळलं तेव्हा तुम्ही ओठांवर बोट ठेवलंत. नणंद-भावजयीत आपलं पहिलं गुपित ते.

आणि पहिलं भांडणही त्याच गॅलरीत झालं. प्रांजलनं शेळीच्या गोष्टीत मधेच खंड्या आणला होता. पान-दीड पान. त्याचा रंग, तारेवरून मान कशी वळवतो, पाण्यात सूर मारताना पंख कसे मिटतो. तो कुठला खंड्या ते मला माहीत होतं. पण पोरीनं इतकं सुरेख लिहिलेलं मी आधी पाहिलं नव्हतं. तुम्ही ते वाचलंत, तिला जवळ घेतलंत आणि म्हणालात, "लई चांगलं लिव्हलंयस. आता सांग, यानं शेळी रेल्वेजवळ गेली का?" ती नाही म्हणाली. तुम्ही तिलाच ते पान काढून बाजूला ठेवायला लावलंत.

मी गप्प बसू शकले नाही. पहिल्यांदा तुमच्यासमोर आवाज चढवला. "वन्सं, पोरीच्या हातनं एवढं चांगलं उतरलं, आन् तुमी तेच काढायला लावता?"

"काढलं न्हाय. बाजूला ठिवलंय. त्याची येगळी गोष्ट हुईल."

"तिला तेच तर दिसतं. आपल्याला न्हाय दिसत. ते बी बंद करणार का?"

तुम्ही ते पान उचलून माझ्या हातात दिलंत. मग म्हणालात, "मंगल, पाखरू बघू दे तिला. जन्मभर बघू दे. पण दूध गॅसवर हाय हे ध्यानात ठिवून बघू दे."

"आन् दूध ध्यानात ठिवता ठिवता पाखरूच दिसायचं बंद झालं तर?"

पुढं कितीदा तरी हा विषय निघाला. सणाला, फोनवर, कुणाच्या तरी लग्नात जेवणाच्या पंगतीत. तुम्ही म्हणायचा, ठरवता आलं की पोर मोकळं होतं. मी म्हणायचे, ठरवण्यात मोकळेपणा जातो. दोघीही मागं हटलो नाही. तुमच्याशी असं बरोबरीनं वाद घालता येतो, याचंच मला अप्रूप होतं. घरात मला दुसऱ्या कुणी असा वाद घालू दिला नव्हता.

सुट्टी संपत आली आणि हे प्रांजलला न्यायला आले. हॉस्टेलच्या शाळेत बोलणं झालेलं होतं. मीही बरोबर होते. तुम्ही भावाला पाणी दिलंत आणि म्हणालात, "तिला तुला एक गोष्ट सांगायची हाय. मधी बोलू नको." मला वाटलं, शेळीची सांगेल. प्रांजल गॅलरीत गेली, खडूच्या पहिल्या घरात उभी राहिली आणि म्हणाली, "एक मुलगी होती. तिला भाऊ होता."

वन्सं, तुम्हाला आधी माहीत होतं का ती काय सांगणार ते? मी कधी विचारलं नाही. तिनं तो सगळा दिवस सांगितला. खंड्या आला, मुलगी उठली. जाळीचं दार कुणीतरी उघडं ठेवलं होतं. भाऊ गेला. ती एकेका घरात थांबत होती, श्वास घेत होती. चौथ्या घरात म्हणाली, "मग मुलीनं ठरवलं. भावाला घेऊन बसायच्या आधी ती जाळीच्या दाराकडं जाणार. दार लावणार. मग बसणार. उठायचं झालं तर भावाचा हात धरून उठणार. पक्षी दोघांनी मिळून बघायचा." आणि शेवटच्या घरात तिनं एकच पाय ठेवला. "पण मुलीचा हात कडीपर्यंत पोचत नाही," ती म्हणाली, "म्हणून गोष्ट संपत नाही."

दार कुणी उघडं टाकलं होतं, ते आम्हाला दोघांना माहीत होतं. मोठ्या माणसाशिवाय ती कडी कुणाला निघतच नव्हती. त्या दिवशी तळ्यावर आधी हेच जाऊन आले होते. हे खाली बघत बसले. मग त्यांनी विचारलं, "तुझा हात कुठवर पोचतो?" तिनं भिंतीला हात लावून दाखवला. ह्यांनी उठून, तिच्या बोटांच्या खाली, खडूनं एक रेघ मारली. मग पट्टी मागितली आणि जमिनीपासूनचं अंतर मोजून घेतलं. घरी आल्यावर आधी लोहाराकडं गेले. नवी कडी त्या उंचीला बसली, आणि वरची जुनी मोठ्यांसाठी तशीच राहिली. हॉस्टेलचं नाव पुन्हा निघालं नाही.

लोक आता म्हणतात, बाईंनी पोरगी सुधारली. तुम्हाला हे आवडलं नसतं. ती काही जादूनं बदलली नाही. अजून एका पायात चप्पल घालून निघते. अजून गणिताच्या पेपरात मागचं पान उलटायचं विसरते. पण आता अडकली की बोटानं हवेत घरं आखते, मी पाहिलंय. ओठ हलतात. मग पुढं जाते. कधी जातही नाही.

एक गोष्ट मात्र तुम्हाला कधी सांगता आली नाही. त्या सुट्टीनंतर पोरगी मनातलं काहीही आधी तुम्हाला सांगायची. शाळेतनं आली की माझा मोबाईल मागायची, "आत्याला सांगायचंय." मी चुलीपाशी असायचे आणि तिचं बोलणं ऐकायचे. मला बरं वाटायचं आणि दुखायचंही. पोटची पोरगी माझी, आणि तिच्या डोक्यात शिरायची वाट तुम्हाला सापडली. हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता? बहुतेक काही म्हणाला नसता. कप पूर्ण रिकामा केला असता.

मग तुमच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली आणि तुम्ही दवाखान्यात पडलात. उजवा हात गेला, आणि शब्द गेले. हेच मला सहन झालं नाही. तुम्हाला काय हवंय ते तुम्हाला कळत होतं, फक्त त्याचं नाव सापडत नव्हतं. "ते... ते..." म्हणत थांबायचा. मी घाईनं पुढं व्हायचे. पाणी का? उशी का? नर्सला बोलवू का? तुम्ही डोळे मिटून मान दुसरीकडं करायचा. मला वाटायचं मी तुमची सेवा करतेय. प्रांजल पलंगाच्या कडेला बसली होती. ती म्हणाली, "आई, तू सांगू नको. आत्याला शोधू दे."

आणि ती थांबली. वन्सं, ती पोरगी थांबली. बाजूच्या पलंगावर माणसं बोलत होती, गाडे ढकलले जात होते, दारात कुणाचं तरी मूल रडत होतं. तिनं तुमच्या तोंडावरून नजर हलवली नाही. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. शेवटी तुम्ही म्हणालात, "पडदा." खिडकीचा पडदा बाजूला करायचा होता. तिनं उठून केला. ऊन तुमच्या पायांवर आलं. तुम्ही तिच्याकडं बघून मान हलवलीत, वर्गात बरोबर उत्तर आल्यावर हलवायचा तशी. त्यानंतर तुमच्या तोंडचा शब्द मी ऐकला नाही.

तेराव्यानंतर घर आवरायला आम्ही दोघी बारामतीला आलो. रविवार होता, तुमच्या वर्गाचा वार, ते माझ्या ध्यानातही नव्हतं. आम्ही दार उघडलं आणि थोड्या वेळानं एकेक पोर जिना चढून आलं. कुणी बोलावलं नव्हतं. आपापले अर्धे राहिलेले कागद घेऊन गॅलरीत आपापल्या जागी बसली. मी प्रांजलकडं पाहिलं, प्रांजलनं माझ्याकडं. मग ती आत गेली आणि तिनं मोठं पातेलं गॅसवर चढवलं.

मला काही येत नव्हतं. मी बारावीपर्यंत शिकलेली बाई, पोरांना काय सांगणार? नुसती भिंतीला टेकून बसले. सगळी लिहीत होती. एकटी सिद्धी, तुमच्या खालच्या मजल्यावरची, दुसरीतली, पेन्सिल हातात धरून तशीच बसली होती. मी जवळ सरकले. तिच्या गोष्टीतला हत्ती बाजारात हरवला होता आणि एक ओळ लिहिली की घरी पोचणार होता.

"शेवट ठरलाय ना तुझा?" मी विचारलं.

"ठरलाय. बाईंना सांगितलेला."

"मग लिही की."

तिनं मान हलवली. "लिहिला की संपेल. बाई नाहीत. नवी गोष्ट कोण देणार?"

वन्सं, इतकी वर्षं तुमच्याशी भांडले, की पोरांना लिहू द्या, शेवटाच्या मागं लागू नका. तिथं माझ्या बाजूचं एक लेकरू बसलं होतं. मला वाटलं, सांगावं की नको संपवू बाळा, राहू दे हत्तीला बाजारात. शब्द तोंडाशी आला होता. पण तो हत्ती कधीचा हरवलेला होता. त्याची आई घरी वाट बघत होती, तसं सिद्धीनंच वर लिहिलं होतं.

"हत्तीला घरी जाऊ दे," मी म्हटलं. "मी हितं बसते. पुढच्या रविवारी बी येते."

मी बोलून गेले आणि मग मला कळलं काय बोलले. आतून पातेल्यात पळी फिरल्याचा आवाज आला आणि थांबला. प्रांजल ऐकत होती.

सिद्धीनं माझ्याकडं एकदा नीट बघून घेतलं. मग वाकून लिहायला लागली. एक ओळ उरली होती, तीन लिहिल्या. पेन्सिल ठेवली. "आता काय करू?"

"आता जा, आईला वाचून दाखव."

तिची आई त्या दिवशी समोरच्या किराणा दुकानात होती. मी गॅलरीतून वाकून बघत राहिले. सिद्धी कागद छातीशी धरून निघाली. गल्लीच्या मधोमध कुत्रीनं पिल्लं घातली होती. तिथं ती बसली. बराच वेळ बसली. एकेका पिल्लाच्या डोक्यावर बोट फिरवलं. मग उठली, कागदाला लागलेली माती फ्रॉकला पुसली आणि दुकानात गेली.